गुळाच्या वखारीतलं मस्ट आणि शुड

किस्से काही कुणी जमवत नाही. लुगड्याच्या ओच्याला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात, आणि घरी येऊन झटकायला बसलं की कळतं, अरे, केवढी ही! परवा मथुरा आली होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या चहा घेत बसलो. एक कुसळ तिनं काढलं, एक मी काढलं, चहा गार झाला तरी संपेनात. तेव्हा ठरवलं, लिहूनच टाकते.

आधीच सांगते, मी संशयी बाई आहे. लोक तसं म्हणतात आणि खरं तेच म्हणतात. शाळेत मी एक दिवस गेले नाही. भावाच्या पाटीवरची अक्षरं चोरली आणि वाण्याच्या पुडीचे कागद वाचत वाचायला शिकले. असं शिकलेलं माणूस कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतः ताडून बघतं.

लढाईचे दिवस. आमचे मालक पलटणीत, कुठं ते सरकारलाच माहीत. अकरा महिने पत्र नव्हतं. पत्र आलंच नाही तर जन्मभर दिराच्या चुलीपुढं भाकऱ्या थापायच्या, हे मला लख्ख दिसत होतं. तेवढ्यात आमच्या आष्ट्याच्या चावडीवर कागद लागला. साताऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस बाया घ्यायच्या आहेत, सैनिकांच्या घरच्या बायकांना पहिला मान, आणि मुलाखत डॉक्टरीण मडम स्वतः घेणार. विषय आरोग्याच्या सवयी. भाषा इंग्रजी!

कागद मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी ठरवून टाकलं होतं.

* * *

मुलाखतीची तयारी करून घ्यायला सांगलीहून सुमतीबाई आल्या. विधवा, चाळिशीच्या, पायात बूट. गावानं त्या बुटांकडं बघूनच निकाल दिला: ही बाई बायकांना बाटवणार.

वर्गाला जागा मिळाली ती गुळाच्या वखारीत. आम्ही सहाजणी गोणपाटावर बसलो. मथुरा त्यातली एक. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवरा पलटणीत. बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुमी आमाला बाटवनार हाय का? तसं असंल तर आत्ताच सांगा. मी पाण्याला लांब जाऊन आलीया, फुकट बसायची न्हाई."

सुमतीबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फळ्यावर चार शब्द लिहिले: मस्ट, शुड, मे, कॅन. म्हणाल्या, "आरोग्याचं जे काही बोलायचं ते या चार शब्दांत बसतं. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं. मे म्हणजे करायला परवानगी आहे. कॅन म्हणजे मला जमतं."

मथुरानं फळ्याकडं बोट केलं. "म्हंजे पयली सासू, दुसरी आई, तिसरा नवरा!"

"आणि चौथा?" बाईंनी विचारलं.

"चौथी मी!"

त्या दिवसानंतर मथुराचा शब्द कधी चुकला नाही. माझेही कमीच चुकले.

* * *

वखारीत गूळ, म्हणजे माश्या आल्याच. भिंतीवर माश्या, फळ्यावर माश्या, बाईंच्या बुटावर माश्या. आणि त्याच वखारीत आम्ही सहाजणी एका सुरात म्हणतोय, "वुई मस्ट नॉट ईट फूड विथ फ्लाइज ऑन इट!"

वखारीचे मालक आप्पा. पांढरा फेटा, मोठं पोट, त्याहून मोठा संशय. ते रोज दाराआड उभे राहून ऐकायचे. एकदा न राहवून आत आले.

"बाई, ह्या बाया रोज फ्लाय फ्लाय काय म्हणत्यात?"

"माश्या बसलेलं अन्न खाऊ नये, असं शिकतायत."

आप्पांचा चेहरा उतरला. "आन् ही सारी गावात जाऊन तेच सांगणार? माझ्या वखारीत बसून माझाच गूळ बुडवणार?"

बाईंनी पुष्कळ समजावलं. झाकलं तर माशी बसत नाही, असं सांगितलं. आप्पा ऐकेनात. त्यांनी ते चार शब्द समजून घेतले, दोन मिनिटं फेट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं आणि तोडगा काढला.

"बाकी गावच्या माश्यांना तुमचं ते मस्ट नॉट राहू द्या. माझ्या वखारीतल्या माशीला मे लावा!"

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गुळाच्या ढेपांवर स्वच्छ पांढरी धोतरं पांघरलेली. आप्पा दारात उभे, नजर दुसरीकडं.

* * *

शिकलेलं घरी करून बघायचं, असा बाईंचा नियम होता. मी पाणी उकळायला घेतलं. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पाण्याला काय ताप आलाय का, चुलीवर ठिवलंयस?"

"आवं आत्याबाई, त्यातलं किडं मरत्यात."

"किडं? माझ्या आडाच्या पाण्यात किडं? तुझा मामंजी त्योच आड पिऊन ऐंशी वर्सं जगला!"

मी पाणी उकळतच राहिले. पण आत्याबाईंच्या डोक्यात शिरलं की सून पाण्यात काहीतरी घालून उकळते. मुलगा लढाईत, सून इंग्रजी शिकते, पाणी उकळते. त्यांच्या मनानं या तिन्हींचा जो मेळ घातला तो काही चांगला नव्हता. दोन दिवस त्यांनी घरात पाणी प्यायलंच नाही, शेजारी जाऊन प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ताडून बघायचं ठरवलं. उकळून निववलेलं पाणी बादलीत घेतलं आणि म्हशीपुढं ठेवलं. म्हैस मेली तर सून चोर! म्हैस गटागटा प्यायली. आत्याबाई दिवसभर गोठ्यात तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. म्हैस मरायची सोडा, संध्याकाळी तांब्याभर दूध जास्त दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी स्वतः चुलीवर पातेलं चढवलं. "उकळ गं बाई, तुझं काय ते मस्ट कर!"

मला वाटलं, जिंकले!

तेव्हापासून आमच्या घरात रोज पाणी उकळायचं. म्हशीसाठी. माणसं आडाचंच प्यायची.

* * *

ते दिवस कसे होते हे आजच्यांना सांगून कळणार नाही. कुंडलकडची तरणी माणसं इंग्रजांविरुद्ध उठून घरातून गायब झालेली, कुठं आहेत ते कुणी कुणाला विचारायचं नाही. गावात नवीन माणूस आला की आधी त्याच्या पायाकडं बघायचं, पोलिसाचा जोडा आहे का. त्यात सहा बाया रोज दुपारी वखारीचं दार लोटून इंग्रजीत एका सुरात काहीतरी घोकतात! फौजदाराच्या कानावर गेल्याशिवाय राहतंय?

फौजदार आला तो थेट माझी वही घेऊन उभा राहिला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. अर्धं यायचं, आणि तेच वाईट! बोट ठेवून वाचायला लागला.

"यू मस्ट कीप युवर विंडोज ओपन. खिडक्या उघड्या? कुणासाठी?"

"हवेसाठी," मी म्हटलं.

"हवा? हवा कोण?"

मथुरा तोंडाला पदर लावून खोकायला लागली.

"यू शुड वॉश युवर हँड्स. हात कशापायी धुवायचे? हाताला काय लागलंय तुमच्या?"

"गूळ."

"यू कॅन वॉक फाइव्ह माइल्स. पाच मैल! कुठं चालत जायचंय? कुणाची भाकरी पोचवायचीय?"

"कुठं न्हाई, साहेब. तब्येतीसाठी चालायचं."

फौजदार माझ्याकडं बघत राहिला. आमच्या भागात बाई पाण्याला चालते, रानात चालते, माहेराला चालते. तब्येतीसाठी चालते हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. त्याची खात्रीच पटली. वही जप्त करून साताऱ्याला गोऱ्या साहेबाकडं पाठवून दिली.

पंधरा दिवस वर्ग बंद. माझा जीव टांगणीला. मुलाखत महिन्यावर आलेली, आणि माझं सगळं इंग्रजी त्या वहीत!

वही परत आली ती लाल शाईनं रंगून. साहेबानं एकूण एक चूक सुधारली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'गुड. यू शुड राइट मोअर नीटली.' आणि खाली सही.

फौजदारानं ती सही बघितली, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. मला नव्हे. वहीला!

* * *

पण फौजदाराला सांगितलं कुणी? सहाजणी एकमेकींकडं चोरून बघायला लागलो. माझा संशय सरळ सुमतीबाईंवर. ही बाई सांगलीहून येते, कुणात मिसळत नाही, वर्ग सुटला की पिशवी छातीशी धरून तळ्याकडं जाते. तिथं कोण भेटतं हिला?

एका दुपारी मी मागनं गेले. बाभळीच्या आड उभी राहिले. बाई तळ्याच्या पायरीवर एकट्या बसल्या होत्या. पिशवीतनं त्यांनी एक जुनं पुस्तक काढलं, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागल्या, "यू मस्ट ब्रश युवर टीथ. यू मस्ट ब्रश..." अडकल्या. डोळा किलकिला करून पुस्तकात बघितलं. पुन्हा पहिल्यापासून.

उद्याचा धडा पाठ करत होत्या! आमची मास्तरीण आमच्यापेक्षा फक्त एक पान पुढं होती.

मी बाभळीआडून बाहेर आले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हौसा, कुणाला सांगू नकोस. मी इंग्रजी चौथीपर्यंतच शिकलेय. बाकीचं हे असं."

"असंच शिकायचं असतं," मी म्हटलं, आणि शेजारी बसले. "हं, म्हणा. मी पुस्तक धरते."

त्या दिवसापासून तळ्यावर आम्ही दोघी जायचो. त्यामुळं मीही वर्गाच्या एक पान पुढं. हे मी मथुराला कधी सांगितलं नव्हतं. आता वाचेल आणि भांडायला येईल.

फौजदाराला कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण आप्पांनी वखारीच्या दाराला आतून कडी बसवून दिली. कडी का बसवली म्हणून मी त्यांच्यावर आणखी वर्षभर संशय घेतला.

* * *

शेवटच्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक नवीन शब्द लिहिला. नीड नॉट.

"म्हणजे गरज नाही. यू नीड नॉट वरी. काळजी करायची गरज नाही."

आम्ही सहाहीजणी एकमेकींकडं बघायला लागलो.

मग मथुरा म्हणाली, "बाई, ह्यो शबुद ऱ्हाऊ द्या. आमाला आजवर ह्यो कुनी म्हनलेला न्हाई, आन् म्हननार बी न्हाई. शिकून ठिवायचा कुटं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. शब्द पुसला मात्र नाही.

* * *

मुलाखतीला आम्ही दोघीच गेलो, मी आणि मथुरा. बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं नाही. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. चढ आला की माणसं उतरून ढकलायची. साताऱ्याला पोचलो तेव्हा तोंडं काळी, डोळे लाल.

मी कुठंही गेले की आधी जागा ताडून बघते. दवाखान्याला वळसा घातला. मागं आड होता, उघडाच. आडाच्या कठड्यावर एक गडी रुग्णांच्या पट्ट्या धूत होता आणि ते पाणी ओघळून पुन्हा आडात चाललेलं. आणि त्याच आडातनं दौलू घागर भरत होता. दौलू म्हणजे दवाखान्याचा पाणक्या. कुठल्या वस्तीतला, ते त्याच्या अदबीनं लांब उभं राहण्यावरूनच कळत होतं.

व्हरांड्यात दहाबारा बाया. एक थोरल्या घरची बाई आतनं बाहेर आली ती रडकुंडीला येऊन.

"काय विचारलं?" आम्ही.

"काही नाही विचारलं! त्या माणसानं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, उपास आहे. मडमनं कागदावर रेघ मारली आणि म्हणाली, जा."

दुसरी गेली. तिलाही उपास. तिच्याही नावावर रेघ. तिसरीचंही तेच.

मग मथुरा आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज बाहेर आला. बाहेर येऊन म्हणाली, "मडमनं इचारलं, रोज काय खावं? म्या म्हनलं, आय मस्ट ईट बाजरी. यू मे ईट बिस्कुट! लय हसली."

"आणि पाणी?"

"पिलं की! घटाघटा. लय ग्वाड हाय!"

मथुराची निवड तिथंच झाली. पुढं आठ दिवस ती तांब्या घेऊन परसाकडं पळत होती, ते वेगळं.

माझं नाव पुकारलं. मी आत गेले. मडम टेबलामागं, चष्मा नाकावर. मान खाली, पण नजर वर. दौलूनं पितळी पेला पुढं केला.

खोटं कशाला सांगू, आमच्या घरात दौलूच्या वस्तीतल्या हातचं पाणी चालत नव्हतं. मला तोवर कुणी तसं दिलंही नव्हतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यापुढं त्याचा हात नव्हता, कठड्यावरच्या पट्ट्या होत्या. ही परीक्षा नेमकी कशाची? हाताची की पाण्याची? घेतलं नाही तर रेघ. घेतलं आणि परीक्षा पाण्याची असली, तरी रेघ! आणि रेघ म्हणजे दिराची चूल.

मी पेल्याला हात लावला नाही. मडमची पेन्सिल कागदाकडं गेली.

"नो, मडम!" मी एवढ्यानं ओरडले की दौलू दचकला. "यू मस्ट बॉइल! देन आय मे ड्रिंक. फ्रॉम हिज हँड!"

मडमनं पेन्सिल थांबवली. "व्हाय?"

मी खिडकीकडं बोट केलं. "यू शुड सी."

मडम उठली. खिडकीतनं तिनं आड बघितला, कठडा बघितला, पट्ट्या बघितल्या. मग सुया उकळायचा स्टो पेटवला. त्यावर भांडं चढलं. आम्ही तिघंही त्या भांड्याकडं बघत उभे, लग्नात घटिकापात्राकडं बघावं तसे.

पाणी खळाखळा उकळलं. दौलूनं पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. मडम छातीवर हात बांधून बघत होती.

आता थांबले असते, फुंकर घातली असती, तर ती म्हणाली असती, बघा, हात बघून कचरते आहे! मी पदरानं पेला धरला आणि एका दमात रिता केला.

"आवं बाई, दमानं, दमानं!" दौलू कळवळून ओरडला. तोवर जीभ, टाळू, घसा, सगळं पोळून गेलं होतं. डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्या.

मडम माझ्याजवळ आली. माझ्या डोळ्यांकडं बघितलं, दौलूच्या हाताकडं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "आय नो. इट इज व्हेरी हार्ड फॉर यू पीपल. बट यू नीड नॉट क्राय."

मला शब्द न् शब्द कळला. पण जीभ तोंडात मावत नव्हती. मी नुसती मान हलवली. आणि मग डोळ्यांचं पाणी आणखीच वाढलं. मडमनं माझ्या नावापुढं मोठी खूण केली. "यू मे जॉइन ऑन मंडे."

बाहेर आले. पायरीवर बसले. मागनं दौलू आला, इकडंतिकडं बघितलं आणि मूठ उघडली. मुठीत गुळाचा खडा.

"जिभेवर धरा बाई, आग थांबंल. तेवढ्या माश्या बसल्यात त्येच्यावर. धुवून आनू का?"

मी मानेनंच नको म्हटलं आणि खडा तोंडात टाकला.